बिनडाग आभाळ

छापखाना बंद पडला तेव्हा ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने उचललं. मालकानेच सांगितलं होतं, सोमवारी भंगारवाला येतोय, त्याच्या आधी काय हवं ते घेऊन जा. बाइंडिंगवाल्याने छताचा पंखा नेला. मशीनवाल्याने मालकाची फिरती खुर्ची नेली, ती त्याच्या घराच्या दारातून आत जाईना, तर बाहेरच मांडून तिच्यावर बसून राहिला. कॅमेरा खात्यातल्या बिनडागने मात्र चार किलोची लेन्स, तिच्यामागचा कातडी भाता, एक दुधी काच आणि ब्रश-डब्यांसकट फिल्मची उरलेली पेटी नेली. बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं आणि यात शिजवायचं काय, एवढंच विचारलं.

बिनडाग हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते छापखान्याने ठेवलं. चौतीस वर्षं हा गडी खोलीएवढ्या कॅमेऱ्यामागे उभा राहिला, आणि त्या कॅमेऱ्यापुढे एकदाही जिवंत माणूस आला नाही. पुढे काचेखाली कागद यायचे. रेल्वेची वेळापत्रकं, अर्जांचे नमुने, खोकल्याच्या बाटलीची लेबलं. कागद केवढा, तर त्याची निगेटिव्ह तेवढीच, केसभर लहान नाही की मोठी नाही. ती धुऊन वाळली की हा उजेडाच्या टेबलाशी बसायचा आणि बारीक ब्रशाने तिच्यावर लाल रंग लावायचा. त्या रंगाला ओपेक म्हणतात. काळ्या फिल्ममध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं राहून जातात, ती बुजवली नाहीत तर कागदावर तेवढे काळे ठिपके उमटतात. तक्त्याच्या रेघेला कुठे बारीकसा कोंब फुटलेला असतो, तोही रंगाखाली गाडायचा, म्हणजे रेघ सरळ. याच्या हातून गेलेल्या पानावर डाग सापडला तर मालक सगळ्यांना चहा पाजणार होते. मालकांनी कधी चहा पाजला नाही. आता ते एरवीही पाजत नसत, ही गोष्ट वेगळी.

त्याला एक थोरली बहीण होती आणि ताईबरोबर फुकटात मिळालेले एक भाऊजी होते. भाऊजींचा चौकात फोटो स्टुडिओ. मागे पडद्यावर रंगवलेला धबधबा, पुढे स्टूल, आणि स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला हनुवटी वर, हनुवटी वर करत ते अशा अवस्थेला आणत की पासपोर्टवर तो माणूस नुकताच बुडता बुडता वाचल्यासारखा दिसे. भाऊजी स्वतःला कलावंत समजत आणि मेहुण्याला नकल्या म्हणत. तोंडावर म्हणत, जेवताना म्हणत, पाहुण्यांशी ओळख करून देताना तर हटकून म्हणत. हा आमचा मेहुणा, नकला करतो. बिनडाग हसून घेई, पण ते त्याला लागत असे. चौतीस वर्षं लागत आलं होतं.

आणि ताई? ताई गोदीवर क्रेन चालवायची. एकतीस वर्षं. जमिनीपासून बारा-पंधरा मजले वर एका पत्र्याच्या केबिनमध्ये बसून ती जहाजातला माल उचलायची आणि ठेवायची. घरातल्या कुणीही तिला तिथे पाहिलेलं नव्हतं. गोदीच्या फाटकातून घरच्यांना आत सोडत नसत आणि कॅमेरा तर फाटकाच्या आसपासही नेता येत नसे. घरच्या अल्बममध्ये ताई होती, नाही कशाला म्हणा. एका फोटोत ती कुणाचं तरी मूल धरून उभी, एकात डोळे मिटलेले, आणि नऊ फोटोंत तोच धबधबा.

त्या शनिवारी ती निवृत्त होणार होती. सोमवारी तिची क्रेनही उतरवणार होते, कारण ती ताईपेक्षाही जुनी होती आणि गंजून लाल झाली होती. आठवडाभर आधी जेवायला सगळे जमले असताना भाऊजी निरोपाच्या फोटोसाठी पडदा धुऊन ठेवल्याचं सांगायला लागले. ताईने पानावरचा हात थांबवला.

"एकतीस वर्षं मी त्या डब्यात बसले," ती म्हणाली. "तुमच्यापैकी एकानेही मला तिथे पाहिलेलं नाही. उद्या मी सांगितलं की मी तिथे भांडी घासत होते, तर तेही तुम्हाला खरं वाटेल. मला तो धबधबा नको. मला तिथला फोटो हवा. एकच."

 भाऊजींनी मागे एकदा गच्चीवरून प्रयत्न केला होता, त्यात क्रेन आगपेटीच्या काडीएवढी आली होती आणि ताई आलीच नव्हती. बिनडागच्या गच्चीवरून गोदी दिसायची, मधे फक्त छपरं, अंतर किलोमीटरभर. तो घास गिळून म्हणाला की माझ्याकडे नऊशे मिलिमीटरची लेन्स पडून आहे, मी काढतो.

भाऊजींना ठसका लागला. ठसका ओसरल्यावर त्यांनी व्याख्यान सुरू केलं. अरे, ती लेन्स हातभरावरचा कागद बघायला केलेली. तिला शटर नाही. तिचं तोंड सताड उघडलं तरी उजेड आत शिरता शिरत नाही. वाचायचा चष्मा लावून डोंगर बघायला निघालास होय? बिनडागने सांगितलं की छिद्र बारीक केलं तर लेन्सला काय, कागद आणि डोंगर सारखाच. भाऊजी म्हणाले, हे तुला लेन्सने सांगितलं का? मग ताईने दोघांनाही गप्प बसवलं आणि भावाकडे वळून विचारलं, "बाळ्या, खरंच जमेल?" सत्तावन्न वर्षांच्या बाळ्याने मान हलवली, पण तिच्याकडे न बघता.

कारण त्यालाही माहीत नव्हतं. त्या लेन्समधून त्याने कधी दोन मीटरच्या पलीकडे पाहिलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने बायकोच्या कपाटाचे दोन ड्रॉवर मोडून कॅमेऱ्याची पेटी केली. बायकोने कपाळाला हात लावला, पण ताईसाठी आहे म्हटल्यावर स्क्रू शोधून दिले. गच्चीवर इस्त्रीचं टेबल मांडून त्यावर सगळा थाट उभा केला, डोक्यावर काळी चादर घेतली आणि दुधी काचेवर पाहिलं. धुकं. नुसतं धुकं. त्याने भाता आणखी ताणला. आणखी दाट धुकं. शेजारच्या गच्चीवरची बाई वाळत घातलेले कपडे सोडून हे चादरीतलं भूत बघत उभी राहिली. अर्धा तास घाम गाळल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. चौतीस वर्षं कागदाएवढी निगेटिव्ह काढायची म्हणून भाता लेन्सच्या आकड्याच्या दुप्पट, एक मीटर ऐंशीवर ताणायची सवय हाताला होती, आणि आताही हात तेच करत होते. लांबचं बघायला त्याच्या निम्मा भाता पुरतो. त्याने तो ढकलत ढकलत नव्वद सेंटिमीटरवर आणला आणि धुक्यातून गोदी वर आली. उलटी आली, पण उलटं बघायची त्याला सवयच होती. क्रेन काचेवर चार बोटं उभी होती. त्याने भिंग लावलं आणि शिडीच्या पायऱ्या मोजल्या. चादरीखाली तो एकटाच मोठ्याने हसला. शेजारची बाई कपडे टाकून आत गेली.

मग बेत ठरला. घराच्या स्वयंपाकघरात, ताई आणि तो, लष्करी मोहिमेसारखा. पाळी आठला सुरू होते. ताई शनिवारी वीस मिनिटं आधी वर चढेल. सात चाळीसला, बरोबर ठोक्याला, केबिनच्या दारात उभी राहील आणि मिनिटभर हलणार नाही. ऊन तोवर क्रेनच्या तोंडावर आलेलं असतं आणि छपरं तापून हवा थरथरायला लागलेली नसते. लाल जॅकेट घालायचं, कारण छापखान्याच्या फिल्मला लाल रंग दिसत नाही, तो काळा येतो, आणि निळं आभाळ कोरं पांढरं येतं. म्हणजे पांढऱ्यावर काळी ताई, स्पष्ट. ताईने विचारलं, हसू का? बिनडाग म्हणाला, हस की, पण तू दीड मिलिमीटर येणार आहेस, तेव्हा जरा जोरात हस. ताईने त्याला पाठीत धपाटा घातला.

शनिवारी सकाळी वारा नव्हता. बिनडागने सातला सगळं जुळवलं, छिद्र बारीक केलं, लेन्सवर टोपण घातलं आणि दुधी काच काढून तिच्या जागी फिल्म बसवली. फिल्म बसली की कॅमेरा आंधळा, त्यातून काही दिसत नाही. त्याच्याकडे उरलं काय, तर मनगटावरचं घड्याळ. सात चाळीसला त्याने टोपण उचललं, एक, दोन म्हटलं, आणि परत घातलं. फिल्मच्या पेटीत तेवढा एकच ताव उरला होता आणि त्याचीही मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली.

न्हाणीघराच्या दाराला ब्लँकेट लावून त्याने फिल्म धुतली. बाहेरून बायको विचारत होती की लोकांनी आंघोळी करायच्या आहेत का रविवारी एकदम. निगेटिव्ह वाळली, खिडकीच्या काचेला टेकवून त्याने पाहिली आणि त्याला गहिवरूनच आलं. क्रेन अशी आली होती की बस. गज न् गज, तार न् तार. आभाळाचा काळा भाग गच्च. पण केबिनच्या दारात काही नव्हतं. भिंग लावलं, चष्मा पुसला, पुन्हा लावलं. दार सावलीत होतं आणि सावलीत काही म्हणजे काही दिसत नव्हतं. असेल आतच, त्याने मनाला समजावलं, छापल्यावर दिसेल. पण जीव काही भांड्यात पडेना.

आणि जीव असा टांगलेला असताना हाताला काम हवं असतं. जुनी फिल्म, आभाळभर पिनहोल पडलेली. ब्रश समोरच होता, ओपेकची डबी समोरच होती. तो ताईचा विचार करत राहिला आणि हात आपलं काम करत राहिला. आभाळातलं एक भोक बुजवलं, दुसरं बुजवलं, अकरा बुजवली. क्रेनचा आडवा हात आभाळात सरळ रेघेसारखा गेला होता, त्याच्या पार टोकाला रेघेवर एक कोंब आलेला होता. तोही छाटला. रेघ सरळ केली. मग ब्रश धुऊन ठेवला, हात पुसले, आणि झोपायच्या आधी फोटो छापून वाळत घातला.

रविवारी दुपारी ताईच्या घरी तो फोटो टेबलावर ठेवला गेला. कालच्या निरोपाचे हार खुर्चीवर पडलेले होते. पहिल्यांदा भाऊजींनी पाहिला आणि एक क्षण, खरोखर एक क्षण, त्यांची बोलती बंद झाली. स्वच्छ कोऱ्या आभाळावर ती क्रेन अशी काही उभी होती की भाऊजींनी जन्मात तसं काही काढलेलं नव्हतं, आणि हे त्यांना कळत होतं. मग त्यांनी खिशातलं भिंग काढलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"क्रेन झकास," ते म्हणाले. "ड्रायव्हर कुठाय?"

ताईने भिंग घेतलं. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली. बिनडाग म्हणाला, दाराच्या सावलीत आहेस, माहीत असलं की दिसतेस. ताईने मान हलवली.

"दारात मी नव्हतेच रे. वर गेल्यावर बघितलं तर दारात अंधार. म्हटलं, याला दिसायची नाही. म्हणून चालत टोकाला गेले. क्रेनच्या आडव्या हाताच्या पार टोकाला. मिनिटभर उभी होते, पाय कापत होते." तिने भिंग खाली ठेवलं. "एकतीस वर्षांत कधी तिथे गेले नव्हते मी. जायचं कारणच नसतं."

 मग भाऊजींनी गळा साफ केला आणि सुरू झाले. ते काही आनंदाने बोलत नव्हते, असं म्हणायला हवं. निदान पूर्ण आनंदाने तरी नाही. पण सांगितलं होतं की नाही मी? हातभर नजरेची लेन्स ती, मोठ्ठं लोखंड तेवढं दिसलं तिला, माणूस नाही दिसला. तिचा दोष नाही, ती त्यासाठी केलेलीच नाही. ताईनेही त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे बाळ्या. लेन्सचं काय चुकलं? तिला नाही जमलं. क्रेन तर आली ना, तीच पुरे मला."

डोळे मात्र फोटोवर होते आणि त्या कोऱ्या आभाळात अजून शोधत होते.

बिनडागच्या तोंडचं पाणी पळालं होतं. टोकाला. पार टोकाला, रेघेवर. त्याला तो कोंब आठवला, ब्रशाचं टोक आठवलं, आणि किती सफाईने एका फटक्यात काम झालं ते आठवलं. आता बघा, सुटका अगदी समोर होती. लेन्सवर ढकललं की झालं. भाऊजींनी ढकललंच होतं, ताईने माफही केलं होतं, त्याने फक्त गप्प बसायचं होतं. कुणाला कधी कळलं नसतं. पण चार किलोची ती लेन्स चौतीस वर्षांत त्याच्याशी एकदाही खोटं बोलली नव्हती, आणि ताई पाय कापत असताना त्या टोकाला उभी राहिली होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"लेन्सला काही बोलू नका," तो म्हणाला. "तिला तू दिसली होतीस, ताई. मीच तुला पुसलं."

त्याने मग सगळं सांगितलं, पिनहोल, कोंब, सरळ रेघ, सगळं. भाऊजींनी आधी तोंड उघडलं, मग मिटलं, मग ते हसायला लागले ते खुर्चीतले हार खाली पडेस्तोवर हसले. सख्ख्या बहिणीला डाग समजलास, असं म्हणत ते डोळे पुसत होते. ताई हसली नाही. तिने फक्त विचारलं, पुसलंस म्हणजे गेलं का ते?

बिनडाग उत्तर द्यायला थांबला नाही. घरी धावत गेला, धावत आला, हातात निगेटिव्ह आणि कापूस. ओपेक पाण्याने निघतो. निघायला हवा. पण फिल्म जुनी, तिचा थर मऊ पडलेला असला तर रंगाबरोबर सगळंच निघून यायचं, आणि ज्या क्रेनवर पुन्हा उभं राहायचं ती उद्या उतरणार. त्याने निगेटिव्ह खिडकीच्या काचेवर धरली, कापूस ओला केला, टोकापर्यंत नेला आणि परत मागे घेतला. ताईने त्याच्या हातातून कापूस काढून घेतला. एकतीस वर्षं तिने अंड्यासारखे नाजूक खोके पंधरा मजले उंचीवरून खाली ठेवले होते. तिने कापूस टोकावर टेकवला, थांबली, आणि हलकेच उचलला. लाल रंग कापसावर आला. फिल्म जागेवर राहिली.

रेघेच्या टोकाला एक उजळ ठिपका होता. बिनडागने भिंग लावलं. दोन पाय. लाल जॅकेटचं धड. आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर काढलेली दोन कोपरं, कपाच्या कानांसारखी.

"तू हात असे का धरलेस?" त्याने विचारलं.

"कानाला लावले होते. वाकुल्या दाखवत होते तुला," ताई म्हणाली. "लहानपणी दाखवायचे तशा. म्हटलं, एवढा मोठा फोटोग्राफर झालायस, तर बघू दिसतात का."

 बिनडाग भिंगाला डोळा लावून तसाच उभा राहिला, कारण भिंग काढलं असतं तर भाऊजींना त्याचा चेहरा दिसला असता.

शेवटी भाऊजींनीच स्टुडिओ उघडला. त्यांच्या मोठं करायच्या मशीनमध्ये एवढा ताव मावेना, तेव्हा बिनडागने आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या निगेटिव्हला कात्री लावली आणि ताईभोवतीचा चौकोन कापून काढला. कापण्याआधी त्याने त्या आभाळावरचा उरलेला ओपेकही धुऊन टाकला, सगळ्या भोकांवरचा. कागद रसायनात पडला आणि ताई वर येऊ लागली, लोखंडाच्या टोकावर उभी, कोपरं बाहेर. तिच्याभोवती आभाळभर काळे ठिपके. भाऊजींनी ब्रश पुढे केला आणि म्हणाले, एवढे डाग ठेवणार? तुझं नाव जाईल. बिनडागने ब्रश घेतला नाही. म्हणाला, राहू द्या, आता माझा भरवसा नाही.

तो फोटो ताईच्या बाहेरच्या खोलीत लागला, धबधब्यांच्या नऊ फोटोंच्या मधोमध. आलेला माणूस पहिल्यांदा धबधब्यांकडे बघतो, मग या ठिपक्यांच्या आभाळाकडे, आणि विचारतो हे काय आहे. ताई उठते, जवळ जाते आणि काचेवर बोट फिरवत सांगते, "हे सगळे डाग आहेत." मग बोट एका जागी ठेवते. "आणि ही मी."